मेटलसाठी पिकअप बदलायचाय? पाकिटाआधी स्क्रूड्रायव्हर काढा

नागपुरात मेटल वाजवायला लागलेल्या पोट्ट्यांच्या हातात साधारण ठरलेल्याच गिटारी दिसतात. आयबानेझची जिओ, जॅक्सनची जेएस, कॉर्टची एक्स सिरीज, नाहीतर घरच्यांनी 'सगळ्याला चालेल' म्हणून घेऊन दिलेली यामाहा पॅसिफिका. वर्ष-दीड वर्षात पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेला दबका आवाज) जमायला लागतं, डाउनपिकिंगला (पिकचे सगळे फटके खालच्या दिशेला) थोडा वेग येतो, आणि मग जॅमिंगला कोणीतरी म्हणतोच, "पिकअप बदल ना बे, ह्याच्यात दम नाही."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबकी भाग, जो तारेचं थरथरणं विजेत बदलून ॲम्पला पाठवतो. सल्ला कधी कधी बरोबरही असतो. पण चांगल्या कंपनीचा एक पिकअप आपल्याकडे जेवढ्याला पडतो, तेवढ्यात थोडे पैसे घालून नवशिक्याची दुसरी गिटार येते. म्हणून कार्टमध्ये काही टाकण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा. ज्यांनी गिटार उघडून कधी पाहिली नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. जाणकारांनी थेट मापांच्या भागावर उडी मारली तरी चालेल.

आधी गुन्हेगार कोण ते ठरवा

सगळ्यात आधी तारा बदला. सहा महिने घामात भिजलेल्या तारांवर जगातला कुठलाही पिकअप लावा, आवाज मेलेलाच येणार. आणि ट्युनिंग खाली नेलं असेल तर गेजही (तारांची जाडी) वाढवा. ड्रॉप सीमध्ये (सगळ्यात जाड तार सी स्वरापर्यंत उतरवलेली) ०९-४२चा बारीक सेट लावून 'लो एंड घट्ट येत नाही' म्हणणारे बरेच भेटतात. तिथे तार सैल पडलेली असते, पिकअप बिचारा जे दिसतं ते सांगतो. ड्रॉप सीसाठी ११-५४च्या आसपासचा सेट घ्या, गिटारची स्केल (तारेची वाजती लांबी) २४.७५ इंचांची असेल तर आणखी जाड चालेल.

मग नेक, म्हणजे गिटारचा दांडा बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडीठाक, पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि जूनअखेर पाऊस पडला की तीच हवा ओली. या फरकात लाकूड हलतं, नेकचा बाक बदलतो, तारा फ्रेटवर खडखडायला लागतात. ही खडखड ॲम्पमधून ऐकली की पिकअप 'कर्कश' वाटतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा फिरवून काम होणार असेल तर त्यासाठी पिकअपचे पैसे कशाला घालवायचे?

आता घूं आवाजाचं. हंबकर (गुणगुण मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप) असूनही गिटार गुणगुणत असेल तर तपास असा करा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी आवाज तसाच असेल तर केबल, ॲम्प किंवा घरची वीज यांपैकी कोणीतरी दोषी आहे. शून्यावर आवाज गेला, पण व्हॉल्यूम वाढवल्यावर परत आला, तर खोलीत काय काय चालू आहे ते बघा. डेझर्ट कूलरची मोटर, चोकवाली जुनी ट्यूबलाइट, फॅनचा रेग्युलेटर, चौकोनी लहरी देणारा स्वस्त इन्व्हर्टर, हे सगळे गिटारमध्ये शिरतात. कूलर दोन मिनिटं बंद करून ऐका. (मे महिन्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त जमणारही नाही.) महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत प्लगला तिसरी पिन असते, पण तिच्यामागे अर्थिंगच नसतं, असंही होतं. तसं असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आवाज सोडा, तारांना हात लावून माइकला ओठ टेकले की झटका बसतो, ते जास्त महत्त्वाचं.

ॲम्पबद्दल एकच सांगतो. पाच-सहा इंची स्पीकरचा दहा वॅटचा प्रॅक्टिस ॲम्प असेल तर आधी त्याचा विचार करा. तेच पैसे बऱ्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि ॲम्प सिम्युलेटरमध्ये (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घातले तर फरक कितीतरी मोठा पडतो. पिकअपचा नंबर त्याच्यानंतर.

फुकटातला उपाय: उंची

गिटारच्या पिकअपला दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला की पिकअप वर-खाली होतो. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारींत ही उंची कोणी मनावर घेऊन लावलेली नसते. सगळ्यात जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पोलपर्यंतचं (पिकअपवर तारेखाली दिसणारा लोखंडी ठिपका) अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ब्रिज पिकअपला (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या बाजूचा; नेकच्या बाजूचा तो नेक पिकअप) जाड तारेकडे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दोन, इथून सुरुवात करा.

मग अर्धा-अर्धा फेरा फिरवत तोच एक रिफ वाजवत राहा. पिकअप जवळ आणला की आवाज मोठा, दाट आणि जरा आक्रमक होतो. फार जवळ आणला की जाड तारांवर आवाजाचा चिखल होतो आणि चुंबकाच्या ओढीने सूर डळमळतो. लांब नेला की स्वर सुटे ऐकू येतात. मेटलवाल्यांना वाटतं, पिकअप तारेला चिकटवला की हेवी. उलटं करून बघा. एक मिलिमीटर खाली नेऊन ॲम्पचा गेन (आवाज किती फाडायचा ते ठरवणारं बटण) किंचित वाढवा, पुष्कळदा 'चिखल आहे' ही तक्रार तिथेच मिटते.

एवढं करून तक्रार उरली, तर ती शब्दांत लिहून काढा. 'आवाज चांगला नाही' असं मोघम लिहून उपयोग नाही. 'पाम म्यूटमध्ये धार नाही', 'पॉवर कॉर्डच्या पलीकडचा कॉर्ड धरला की स्वर एकमेकांत घुसतात', 'लीड पातळ येते', 'गेन वाढवला की वाजवणं थांबवल्यावरही शिट्टी वाजत राहते' असं. पिकअप निवडताना पुढे हेच वाक्य कामी येणार आहे. शेवटची तक्रार असेल तर दोष बहुधा पिकअपचाच. गुंडाळीच्या वेटोळ्यांमध्ये मेण नीट मुरलेलं नसलं की वेटोळी स्वतःच थरथरतात आणि मोठ्या गेनला किंचाळतात. चाचणी सोपी आहे: गेन चढवा, तारा हाताने बंद करा आणि पिकअपवर नखाने टकटक करा. माइकवर टकटक केल्यासारखा आवाज आला तर मेण कमी आहे.

आउटपुटच्या मागे का लागू नये

पिकअपमध्ये असतं काय? एक चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. एकेरी गुंडाळी विजेच्या वायरिंगमधली गुणगुणही पकडते. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. दोन गुंडाळ्या, त्यांची चुंबकीय दिशा एकमेकींच्या उलट, वेढेही उलट. तारेचा आवाज बेरजेत येतो, गुणगुण वजाबाकीत जाते. त्यांचा पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९मध्ये. मेटल आज जवळजवळ सगळं याच हंबकरवर वाजतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॅरी डिमार्झिओ यांनी सुपर डिस्टॉर्शन आणला. तेव्हा ट्यूब ॲम्पमध्ये आजच्यासारखा गेन नव्हता. ॲम्पचा आवाज फाटायला हवा तर त्याच्या तोंडात जास्त सिग्नल कोंबावा लागायचा, म्हणून जास्त वेढे आणि ताकदवान सिरॅमिक चुंबक. 'हाय आउटपुट म्हणजे मेटल' हे समीकरण तिथून आलं, आणि त्या काळात ते खरंही होतं.

आज तुमच्या लॅपटॉपमधल्या ॲम्प सिम्युलेटरचा गेन अर्ध्यावर ठेवला तरी जास्त होतो. सिग्नल कोंबायची गरज संपली. आता पिकअपकडून हवी ती घट्टाई: खालचा बास पसरता कामा नये, मिड्समध्ये (मधल्या पट्टीच्या आवाजात) पकड हवी, पिक तारेला लागल्याक्षणी 'टक' ऐकू यायला हवा. जास्त वेढे घातले की वरची धार बोथट होते, म्हणजे आउटपुटच्या नादात हीच घट्टाई गमावण्याची सोय. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमी यांच्या सुरुवातीच्या एसजी गिटारवर पी-९० होते, सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी गुंडाळीचे! त्या आवाजाला कोणी हलका म्हणून दाखवावं.

वेबसाइटवर पिकअपच्या खाली डीसी रेझिस्टन्स छापलेला असतो. सेमूर डंकनचा जेबी सोळा किलोओहमच्या थोडा वर, त्यांचा '५९ मॉडेल साधारण साडेसात-आठ. नवा माणूस लगेच ठरवतो की सोळा म्हणजे आठाच्या दुप्पट दणका. तसं नसतं. गुंडाळीची तार बारीक वापरली की तेवढ्याच वेढ्यांना रेझिस्टन्स वाढतो. चुंबक कोणता, गुंडाळी कशी, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. एकाच कंपनीचे, एकाच चुंबकाचे दोन पिकअप तुलनेला ठेवले तर आकडा थोडंफार सांगतो, नाहीतर नाही. त्याचा खरा उपयोग जुना माल तपासताना होतो, ते खाली येईलच.

चुंबकाचं मात्र लक्षात ठेवा. सिरॅमिक चुंबकाचा आवाज कडक, धारदार, बास घट्ट. अल्निको ५ थोडा गोलाईदार, पिकच्या जोराला जास्त प्रतिसाद देणारा. अल्निको २ मऊ, ब्रिजला मेटलसाठी सहसा नको. अल्निको ८ सिरॅमिकच्या जवळ जातो, पण मिड्स भरलेले. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू. लोक त्याला एखादी कंपनी समजतात म्हणून सांगितलं.

पॅसिव्ह की ॲक्टिव्ह

पॅसिव्ह म्हणजे वर सांगितलं तेवढंच. ॲक्टिव्हमध्ये वेढे कमी, आणि पिकअपच्या पोटातच छोटा प्रीॲम्प, जो नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो. ईएमजी ८१ हा यातला सगळ्यात ओळखीचा. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्ड आणि कर्क हॅमेट यांनी तो ब्रिजला वर्षानुवर्षं वापरला, नेकला ६०. ओझी ऑस्बॉर्नसोबत वाजवणारे झॅक वाइल्ड यांची जोडी ८१ आणि ८५. आवाज दाबून बसवलेला, एकसारखा, गुणगुण नगण्य. हळू वाजवा की जोरात, फरक कमी, म्हणून थ्रॅशच्या जलद ऱ्हिदमला सोन्यासारखा. ज्यांना बोटांचा बारीक चढउतार ऐकायला आवडतो त्यांना तोच आवाज निर्जीव वाटतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

फिशमनचा फ्लुएन्स मॉडर्न हा ॲक्टिव्हमधला नवा पर्याय. त्यात तारेची नेहमीची गुंडाळी नसते, छापील सर्किट बोर्डांचे थर असतात आणि एकाच पिकअपमध्ये दोन आवाज मिळतात. किंमतही तशीच.

ॲक्टिव्ह घ्यायचं ठरवलं तर तीन अडचणी आधीच सोडवा. एक, बॅटरीला मागच्या खोबणीत जागा आहे का? जिओसारख्या गिटारींत ती कशीबशी बसते, झाकण फुगतं. दोन, पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग. पॅसिव्ह हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात, ईएमजीला २५चे. ते पिकअपच्या डब्यात येतात, पण तुमच्या गिटारच्या भोकांत बसतील का ते मोजा. तीन, जॅक. स्टिरिओ जॅक लागतो, आणि केबल लावलेली असेतोवर बॅटरी खर्च होते. रोज रात्री केबल तशीच खोचून झोपलात तर कधीतरी कॉलेजच्या फेस्टला स्टेजवर चढल्यावर आवाज फाटायला लागेल. बॅटरी बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात कुठेही मिळते, पण अल्कलाइन आहे हे बघून घ्या. खेळण्यातल्या स्वस्त बॅटऱ्यांवर जाऊ नका.

एका पिकअपला ॲक्टिव्ह आणि दुसऱ्याला पॅसिव्ह ही खिचडी पहिल्याच वेळी करू नका. वायरिंग जमतं, पण नवशिक्याने त्यात पडू नये.

आता नावं घेऊ

लिहून काढलेली तक्रार आणि तुमचं संगीत समोर ठेवा.

स्टँडर्ड ई किंवा ड्रॉप डी, थ्रॅश किंवा जुनं हेवी मेटल: डंकनचा जेबी, डंकन डिस्टॉर्शन, डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन, ईएमजी ८१. जेबीचे अपर मिड्स पुढे असतात, सोलो कापत बाहेर येतो. पण गिटार मुळात चमकदार असेल तर तो टोचतो. गिटार चमकदार आहे का, हे ॲम्प न लावता वाजवून कळतं. स्वर टणटणीत आणि कोरडा येतो की भरीव? टणटणीत असेल तर जेबीऐवजी सुपर डिस्टॉर्शन घ्या, किंवा जेबी लावून व्हॉल्यूम पॉट २५० किलोओहमचा करून बघा, वरची धार खाली येते.

ड्रॉप सी किंवा त्याच्याखाली, सात तारा, डेथ मेटल, जेंट: इथे घट्ट बास हाच निकष. डंकनचा नाझगूल, ब्लॅक विंटर, बेअर नकलचा जगरनॉट, फिशमनचा फ्लुएन्स मॉडर्न. स्वीडनच्या लुंडग्रेनचा आठ तारांसाठीचा एम८ मशुगा या बँडच्या आवाजामुळे गाजला, पण तो आपल्याकडे मागवायचा म्हणजे वाट बघायची तयारी हवी.

डूम, स्लज: इथे खर्चच कमी करा. मध्यम आउटपुटचा अल्निको ५ हंबकर, जाड तारा, फझ पेडल. बहुधा तुमच्या गिटारमधलाच पिकअप पुरतो.

यापलीकडे डझनभर मॉडेल आहेत आणि प्रत्येकाचे व्हिडिओ. व्हिडिओ बघताना एक पथ्य पाळा. वाजवणाऱ्याने दोन्ही पिकअप एकाच गिटारवर, एकाच ॲम्प सेटिंगवर वाजवलेत का? नसेल तर तुम्ही दोन गिटारी ऐकताय. आणि बॅकिंग ट्रॅकसोबतचे व्हिडिओ सोडून द्या, ड्रम-बासच्या आड काहीही खपतं.

नेक पिकअपचं काय? माझं स्पष्ट मत: पहिल्या वेळी हात लावू नका. मेटलमधला बहुतेक ऱ्हिदम ब्रिजवरच होतो. दोघांचा सेट घेण्याऐवजी एक चांगला ब्रिज घ्या, दोन-तीन महिने वाजवा. नेक खरोखर मागे पडतोय असं वाटलं तर मग डंकनचा जॅझ किंवा सेन्टियंट बघा.

मापं घेतल्याशिवाय ऑर्डर नको

परत पाठवायची वेळ येते ती आवाजामुळे कमी, मापामुळे जास्त. स्टीलची पट्टी घ्या आणि जुन्या ब्रिज पिकअपवर जाड तारेच्या पोलच्या मध्यापासून बारीक तारेच्या पोलच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण ४९-५० मिलिमीटर आलं तर नेहमीचा पिकअप. ५१-५३च्या आसपास आलं तर रुंद. फ्लॉइड रोझ किंवा फेंडरसारखा ट्रेमोलो (दांडी दाबून सूर हलवता येणारा ब्रिज) असलेल्या गिटारींना सहसा हाच लागतो. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणतात, डंकन ट्रेमबकर. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कानाला कळत नाही, फक्त बाहेरच्या तारा पोलच्या बरोबर वर दिसत नाहीत.

दुसरं, पिकअप प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलाय की थेट लाकडात स्क्रूने? लाकडात असेल तर खाली स्पंजचा तुकडा लागतो, तो जपून ठेवा. तिसरं, खोबणीची खोली. काही पिकअपचे पाय लांब असतात, उथळ खोबणीत ते तळाला टेकतात आणि पिकअप खाली जातच नाही. चौथं, वायर. आत चार वायर असलेल्या केबलचाच घ्या. आयबानेझच्या बऱ्याच गिटारींत पाचकळी स्विचच्या काही जागी हंबकरची एकच गुंडाळी चालू राहते, ते दोन वायरच्या पिकअपमध्ये होणार नाही.

सात तारांच्या गिटारला ॲक्टिव्ह घेताना तर जास्तच सांभाळा. ईएमजीच्या सात तारांच्या पिकअपचं बाहेरचं कवच पॅसिव्हपेक्षा वेगळ्या आकाराचंही येतं, आणि मग लाकूड कोरावं लागतं. कोरू नका.

खरेदी

नागपुरात वाद्यांची दुकानं भरपूर आहेत, पण गिटारचे सुटे पिकअप ठेवणारा दुकानदार विरळा. हार्मोनियम-तबल्याच्या शेजारी त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? विचारा जरूर, मागवून देतात. नाहीतर मुंबईच्या मोठ्या दुकानांच्या वेबसाइट. परदेशातून स्वतः मागवाल तर छापील किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढतं. आणि आवाज आवडला नाही म्हणून परत पाठवण्यात जीव जातो. म्हणून हिशेब आधी करा. किमती डॉलरसोबत हलतात, इथे आकडा लिहिला तर महिन्याभरात शिळा होईल.

दोन नावांनी फसायला होतं. 'डंकन डिझाइन्ड' हे सेमूर डंकनच्या परवान्याने कारखान्याच्या गिटारींसाठी बनलेले वेगळे पिकअप आहेत. वाईट नाहीत, पण जेबी नव्हेत. आणि ईएमजीची एचझेड मालिका पॅसिव्ह आहे, तिला बॅटरी लागत नाही. कोणी 'ईएमजी आहे भाऊ, घेऊन टाक' म्हणाला की आधी डब्यावरचं मॉडेल बघा.

जुना पिकअप घ्यायला हरकत नाही, त्यात झिजण्यासारखं फारसं काही नसतं. मल्टिमीटर सोबत न्या. किलोओहमच्या रेंजवर ठेवून पिकअपच्या वायरना लावा. जेबी सांगितलाय आणि सोळाच्या आसपास आलं, ठीक. अर्धं आलं तर तुम्ही एकाच गुंडाळीवर आहात किंवा दुसरी शॉर्ट झालीय. काहीच आलं नाही तर परत द्या. गिटारमध्येच लावलेला असेल तर केबल खोचून, व्हॉल्यूम-टोन पूर्ण वाढवून केबलच्या दुसऱ्या टोकाला मोजता येतं; पॉट समांतर असल्याने आकडा थोडा कमी दिसतो. ॲक्टिव्ह पिकअप मात्र मल्टिमीटरने कळत नाही, तो वाजवूनच घ्यायचा.

बसवताना

स्वतः करायचं की दुसऱ्याकडून? हात थरथरत असेल तर ॲम्प-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चांगल्या मेकॅनिककडे जा. त्याने गिटार उघडली नसेल, पण कथिलाचा डाग (सोल्डरचा जोड) त्याचा तुमच्यापेक्षा दसपट साफ येतो. त्याला फक्त वायरिंगचा आराखडा छापून न्या आणि सांगा, "भाऊ, हा हॉट, म्हणजे सिग्नलचा वायर स्विचवर, हिरवा आणि उघडा वायर पॉटच्या पाठीवर, हे दोन एकमेकांना जोडून टेप." बास, त्याचं काम पंधरा मिनिटांचं.

रंगांचं गणित कंपनीगणिक वेगळं असतं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सेमूर डंकनमध्ये काळा हॉट, हिरवा आणि उघडा अर्थ, लाल-पांढरा जोडून टेप. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवा आणि उघडा अर्थ, काळा-पांढरा जोडून टेप. एकीचा आराखडा दुसरीला लावला की आवाज येतच नाही, किंवा पातळ येतो.

स्वतः करणार असाल तर क्रम असा.

आधी मोबाइलवर आतल्या वायरिंगचे फोटो काढा, तीन-चार कोनांतून, स्विचचा अगदी जवळून. तारा सैल करून काढा आणि बॉडीवर जुना टॉवेल पसरा. गरम कथील पॉलिशवर पडलं की डाग कायमचा. पॅसिव्हमध्ये पॉटच्या पाठीवर ब्रिजकडून आलेली एक वायर असते, तारांना अर्थ करणारी. ती तुटू देऊ नका.

चाळीस ते साठ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि राळ असलेलं ६०/४०चं कथील, दोन्ही बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. पंचवीस वॅटचं आयर्न स्विचला पुरतं, पण पॉटची पाठ तापवायला त्याला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात पॉट आतून जळतो. टोक ओल्या स्पंजवर पुसा. पॉटच्या पाठीवर सँडपेपरने दोन ओरखडे मारा, तिथे आधी थोडं कथील वितळवून पसरू द्या. वायरच्या टोकालाही कथील लावून घ्या. मग वायर टेकवा, आयर्न ठेवा, दोन्ही कथील एक झालं की आयर्न उचला आणि वायर हलवू नका. डाग चकचकीत आला पाहिजे. राखाडी, दाणेदार आला तर तो कच्चा आहे, पुन्हा तापवा. आणि कूलरच्या झोतात बसून हे काम करू नका. पॉट तापतच नाही, डाग कच्चाच राहतो. अर्धा तास घाम गाळा. धुरासाठी खिडकी उघडी ठेवा.

ईएमजी आणि फिशमनला बहुतेक ठिकाणी खोचायचे कनेक्टर येतात, कथिलाचं काम जवळपास नाही. ईएमजीला तारा अर्थ करणारी ती वायरही लागत नाही. कंपनीच्या सूचनापत्रात तसं लिहिलेलं असतं, ते वाचा.

झाकण बंद करण्याआधी केबल लावा, आवाज लहान ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या पोलवर हळूच टेकवा. 'टक' आला की लागला. स्विच फिरवून प्रत्येक जागी हेच करा. हंबकरच्या दोन्ही रांगांवर टकटक सारखी यायला हवी. एक रांग गप्प असेल तर जोडून टेप करायच्या दोन वायर तपासा, त्यांतली एखादी कुठेतरी अर्थला लागलीय.

पहिल्या आठवड्यात

नवीन तारा, उंची वर सांगितल्याप्रमाणे. आउटपुट जास्त असेल तर तीन मिलिमीटरपासून सुरू करा. ॲम्पचा गेन जुन्या जागेवरून खाली आणा, कारण नवा पिकअप जास्त सिग्नल देतो आणि तुम्ही जुन्या सेटिंगवर ऐकून 'चिखल' म्हणाल. बासही थोडा कमी.

नेक आणि ब्रिज दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज अचानक पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर दोघं उलट फेजमध्ये आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की हे होऊ शकतं. यात बिघडलं काहीच नाही. नव्या पिकअपच्या हॉट आणि हिरव्या वायरची अदलाबदल करा, उघडी वायर मात्र अर्थवरच राहू द्या. हे आधीच ओळखायचं असेल तर पिकअप मल्टिमीटरला लावून पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर उडतो की खाली, हे दोन्ही पिकअपवर बघा. दोघांचा एकाच बाजूला उडाला तर फेज जुळली. मीटरचा लाल खिळा दोन्ही वेळी हॉट वायरवरच हवा, एवढं पाळा.

रेकॉर्ड करून ऐका. पिकअप बदलण्याआधी एक रिफ मोबाइलवर का होईना, ठरावीक सेटिंगवर रेकॉर्ड करून ठेवला असेल तर आता तोच वाजवा. कान दोन दिवसांत नव्याला सरावतात, मग जुना कसा होता ते आठवत नाही.

जुना पिकअप झिपलॉक पिशवीत घालून, वर कोणत्या गिटारचा आणि कोणत्या जागेचा ते लिहून कपाटात ठेवा. गिटार विकायची वेळ आली तर तो परत लावा आणि चांगला पिकअप पुढच्या गिटारला घ्या. बदललेल्या पिकअपसाठी जास्तीचे पैसे मोजणारा गिऱ्हाईक जुन्या गिटारींच्या बाजारात क्वचितच भेटतो.